बनगरवाडी की फकिरा, एकच वाचायचं तर?

परवा मित्राच्या पोरानं विचारलं, काका सुट्टीत एकच होणाराय, बनगरवाडी वाचू का फकिरा? दोन्ही कादंबऱ्या आपल्याच सांगली जिल्ह्याच्या मातीतल्या, बनगरवाडीवाले व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडचे नि फकिरावाले अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, त्यामुळं आपला-परका हा प्रश्नच नाही. दोन्ही कॉलेजात वाचलेली, गेल्या महिन्यात परत काढली, तेवढ्यावर बोलतोय.

बनगरवाडी १९५५ ची, पण कुठं शिळी वाटत नाही. पातळ पुस्तक, आटपाडीच्या एसटीत बसलं की जाता-येता संपतं. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं आलेला कोवळा मास्तर, मग कारभारी, आयबू, आनंदा रामोशी असे एकेक जण भेटत जातात, आणि माणूस दोन-चार ओळीत असा उभा करतात की बास. लिहायला शिकायचं असेल तर हेच वाचा, यात वादच नाही.

फकिराचा बाज शाहिराचा. अर्पणपत्रिकाच बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला आहे म्हटल्यावर पुढं काय सूर असणार ते कळतंच. उपमा जरा जास्त होतात, माणसं पण जरा जास्तच उंच, फकिरा कुठं कचरतच नाही, मला मधेमधे वाटलं की अरे एकदा तरी घाबर की बाबा. पण सुरुवातीचा राणोजी, म्हणजे फकिराचा बाप, आणि गावाला जत्रेचा मान देणाऱ्या जोगणीचा भाग मी रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो, बायकोनं लाइट घालवली तेव्हा मोबाईलच्या उजेडात उरलेला संपवला.

आता माझं घोडं कुठं अडलं ते सांगतो. दुष्काळ दोन्हीकडं आहे. बनगरवाडीत पाऊस दगा देतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते, आणि शेवटी मास्तरही निघतो. लेखकानं खरं तेच लिहिलंय हो, पण मला तिथं दरवेळी चीड येते, कारण मी स्वतः जतच्या पूर्व भागात पाच वर्षं शाळा केलीय. टँकरचं वर्ष होतं, आईबापाबरोबर पोरं ऊसतोडीला गेली, पट एकतीसवरून चौदावर आला, आणि तेवढ्यात माझी मिरजेकडं बदली झाली तर मी पेढे वाटले होते. टेम्पोत गादी चढवताना ती चौदा पोरं बघत उभी. त्यामुळं शेवटची ती पानं मला शांतपणे वाचताच येत नाहीत, आणि मास्तरावर चिडतोय का स्वतःवर तेही नीट सांगता येत नाही.

फकिरा उपाशी माणसं बघतो आणि धान्य लुटायला जातो. होईल ते होईल. पुस्तक म्हणून बनगरवाडी कदाचित जास्त रेखीव असेल, जाणकार तसंच म्हणतील आणि मी भांडणार नाही, तुमचा अनुभव वेगळाही असू शकतो. पण पोराला मी फकिराच दिलं.

फक्त सुरुवातीला राणोजी, दौलती, राधा, शंकरराव पाटील, विष्णुपंत अशी नावं भराभर येतात आणि गोंधळ उडतो. माझ्या प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्यावर कोण कुणाचं ते पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, नेलीत तर ते तेवढं खोडू नका.