डॉइचलांड सेमेस्टर टिकेट: आखनला मास्टर्सला येणाऱ्यांनी खोली घ्यायच्या आधी हे वाचा

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क का कापला ते पुढे येईलच.

मी मूळची कराडची, इंजिनिअरिंग पुण्यात केलं आणि सप्टेंबर 2025 मध्ये जर्मनीतल्या आखनला मास्टर्सला आले. आता एक पूर्ण सेमेस्टर झालं. ऑक्टोबर इनटेकच्या पोरांचे मेसेज यायला लागलेत, सगळ्यांचे प्रश्न तेच, कुकर आणू का, किती जॅकेटं आणू, ब्लॉक्ड अकाउंटमधले (म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचे त्या खात्यातले) महिन्याचे 992 युरो पुरतात का. या सेमेस्टर तिकिटाबद्दल, म्हणजे स्टुडंटच्या प्रवासाच्या पासाबद्दल, मात्र कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते 992 पुरणार की नाही हे निम्म्याहून जास्त त्या तिकिटावरच ठरतं, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

आधी हे काय प्रकरण आहे ते. आपल्याकडे एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो ना, चार दिवस किंवा सात दिवस कुठल्याही गावाला जा, तसंच समजा, फक्त सहा महिन्यांसाठी आणि अख्ख्या जर्मनीत. सिटी बस, ट्राम, यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल) आणि लांब जाणाऱ्या रीजनल गाड्या म्हणजे आरबी आणि आरई, सगळं यात येतं. आयसीई, आयसी, ईसी या फास्ट गाड्या नाहीत आणि फ्लिक्सबस, फ्लिक्सट्रेन या खासगी गाड्याही नाहीत. साधं डॉइचलांड टिकेट, ज्याला सगळे डी टिकेट म्हणतात, मे 2023 मध्ये महिना 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63. स्टुडंटना तेच साधारण 60 टक्के किमतीला मिळतं, मी आले तेव्हा महिना 34.80 म्हणजे सेमेस्टरचे 208.80 युरो पडले. किंमत वाढत राहते त्यामुळे तुमच्या वेळचा आकडा तुम्ही बघून घ्या. आणि हे पैसे वेगळे भरायचे नसतात, सेमेस्टर फीमध्येच धरलेले असतात, तुम्हाला हवं असो नसो. काही जण म्हणतात मी कॅम्पसच्या शेजारीच राहतो मला कशाला, पण सगळे भरतात म्हणूनच ते एवढ्या स्वस्तात मिळतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, प्रत्येक युनिव्हर्सिटीत हे असेलच असं नाही, बायर्नमध्ये म्हणजे म्युनिकच्या बाजूला पद्धत वेगळी आहे. आपल्या युनिव्हर्सिटीच्या आस्टाच्या पानावर जाऊन बघा, आस्टा म्हणजे इथली स्टुडंट युनियन, तिकिटाचं सगळं तेच बघतात.

आता खोलीचं, कारण खरी कमाई इथेच आहे. आखनमध्ये स्टुडंट होस्टेलला भरपूर वेटिंग असतं आणि भारतातून बसून खोली शोधायची म्हणजे नाकी नऊ येतात. मी पण सुरुवातीला नकाशावर कॅम्पसपासून दोन किलोमीटरचं वर्तुळ काढून त्याच्या आतच शोधत होते, पुण्यात कॉलेजजवळ राहायचं हेच डोक्यात बसलेलं. वर्तुळाच्या आत मिळत होती ती खोली 480 युरोची होती, तीही बारकी, खिडकी मागच्या भिंतीकडे. मग एका सीनियर ताईने फोनवर विचारलं, अगं तिकीट अख्ख्या जर्मनीचं आहे तर तू वर्तुळ एवढं लहान का काढतेस? मग ड्युरेनला खोली मिळाली, हीटिंग वगैरे धरून 330 युरो. ड्युरेन ते आखन आरईने साधारण पंचवीस मिनिटं, आरई 1 आणि आरई 9 दोन्ही तिथे थांबतात, त्यामुळे दिवसा तासाला दोन तरी गाड्या मिळतात. पुढे बस. घरातून निघून लेक्चर हॉलच्या दारात पोचेपर्यंत पंचावन्न मिनिटं ते एक तास. सिंहगड रोडवरून विद्यापीठात रोज जाणाऱ्याला हे काही नवीन नाही, आणि इथे बसायला जागा मिळते. महिन्याला 150 वाचतात म्हणजे वर्षाला 1800 युरो, रुपयात पावणेदोन लाखाच्या वर. घरी आईला हा हिशोब सांगितला तेव्हा तिने आधी तो वहीत लिहून घेतला आणि मग विचारलं की रात्री यायला गाडी असते का.

तर रात्रीचं खरं खरं सांगते. गाडी असते पण उशीर झाला की फेऱ्या कमी होतात, आणि शेवटची चुकली तर थंडीत प्लॅटफॉर्मवर थांबणं खूप वाईट. लायब्ररीत उशिरापर्यंत बसणारे असाल किंवा लॅबमध्ये रात्रीची कामं असतील तर एवढ्या लांब राहू नका, मधल्या गावात बघा, एश्वायलर, श्टोलबर्ग, आयलेनडोर्फ ही सगळी त्याच लाइनवर आहेत. श्टोलबर्ग, आयलेनडोर्फ तर अजून जवळ. माझी लेक्चरं बहुतेक सकाळची म्हणून मला जमलं.

अर्धा मार्क कापला तो गाड्यांच्या उशिरासाठी. जर्मनीत गाड्या घड्याळ लावून येतात असं ऐकून आला असाल तर ते विसरा, इथले लोकसुद्धा त्यावर वैतागलेले असतात. पाच-दहा मिनिटं रोजची धरायची आणि कधीकधी गाडीच रद्द होते. नोव्हेंबरमधली एक सकाळ मला चांगली आठवते, सात वाजून गेले तरी अंधार, धुकं एवढं की समोरच्या प्लॅटफॉर्मवरचे दिवे नुसते पिवळे गोळे दिसत होते, हातमोजे घालून फोन चालत नव्हता आणि काढले की बोटं बधिर. बोर्डावर आधी दहा मिनिटं उशीर, मग वीस, मग ती ओळच गायब. शेजारच्या आजींनी त्यांच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला, बिनदुधाचा, पुदिन्याचा, आणि पुढच्या गाडीला गर्दी होणार म्हणून कुठल्या डब्यात चढायचं तेही दाखवलं. लेक्चर होतं म्हणून निभावलं, परीक्षा असती तर? म्हणून परीक्षेच्या दिवशी मी दोन गाड्या आधीची पकडते आणि तोंडी परीक्षा असेल तर आदल्या रात्री मैत्रिणीकडे राहायला जाते. तुम्ही पण तसंच करा, गाडी उशिरा आली हे कारण प्रत्येक प्रोफेसरला चालेलच असं नाही.

आता ज्यात माझे पैसे गेले ते सांगते, कारण हे कोणीच आधी सांगत नाही. सेमेस्टर तिकीट 1 ऑक्टोबरपासून चालू होतं आणि 31 मार्चला संपतं, लेक्चरं सुरू होतात ऑक्टोबरच्या मध्याला. पण आपण बहुतेक सगळे सप्टेंबरमध्येच येतो, घराचा पत्ता रजिस्टर करायला, बँक अकाउंट उघडायला. मी 12 सप्टेंबरला उतरले आणि त्या दिवसांसाठी एका ॲपवरून साधं डी टिकेट घेतलं 58 युरोला, म्हटलं महिन्याचं आहे, महिना संपला की संपेल. पण ते सबस्क्रिप्शन असतं, आणि पुढच्या महिन्याचं नको असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं. मी घेतलंच मुळी 10 नंतर, त्यामुळे ऑक्टोबरचे पण 58 गेले, आणि ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे सेमेस्टर तिकीट होतंच की. म्हणजे एका महिन्यासाठी दोन तिकिटं. सहा हजार रुपये झाले जवळजवळ, पहिल्या महिन्यात प्रत्येक युरो मोजून वापरतो तेव्हा खूप लागतं हो मनाला. कस्टमर केअरला दोन मेल केले, दोन्हींना नियमावलीचा तोच परिच्छेद उत्तर म्हणून आला. तेव्हा येण्याची तारीख 10 च्या पुढची असेल तर आधी हिशोब करा की तेवढ्या दिवसांत तुम्ही कुठे कुठे फिरणार आहात, कदाचित सुटी तिकिटं स्वस्त पडतील. आणि घेतलंच तर घेतल्या घेतल्या त्याच दिवशी कॅन्सल करून टाका, चालू कालावधी संपेपर्यंत ते चालतंच.

दुसरा धडा फोनचा. तिकीट फोनमध्ये असतं, त्यावर तुमचं नाव, सोबत फोटोवालं ओळखपत्र लागतं, दुसऱ्याला देता येत नाही आणि स्क्रीनशॉट चालत नाही. डिसेंबरमध्ये कोलोनहून येताना थंडीने माझी बॅटरी बावीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर आली आणि दोन डबे सोडून चेकर दिसला. मी पासपोर्ट दाखवला, स्टुडंट कार्ड दाखवलं, तो माणूस खरंच शांतपणे बोलला पण म्हणाला तिकीट वाचता येत नाही म्हणजे तिकीट नाही, आणि 60 युरोच्या दंडाचा कागद हातात दिला. मला रडायलाच आलं होतं. शेजारी बसलेल्या एका मुलीने तो कागद उलटा करून मागचं वाचून दाखवलं, की त्या वेळी वैध तिकीट होतं असं दिलेल्या मुदतीत दाखवलं तर फक्त 7 युरो भरावे लागतात. आणि खरंच तसं झालं, तिकीट दाखवलं, 7 युरो भरले, विषय संपला. म्हणून तसा कागद मिळाला तर घाबरून लगेच 60 भरू नका, मागची बाजू वाचा. आणि पॉवरबँक बॅगेत नाही, आतल्या खिशात ठेवा, अंगाची ऊब लागली की बॅटरी टिकते.

बाकी छोट्या गोष्टी. सायकल यात येत नाही, रीजनल गाडीत सायकल न्यायची तर तिचं वेगळं तिकीट. फर्स्ट क्लासचा डबा कधी कधी रिकामा दिसतो, त्यात बसू नका, हे सेकंड क्लासचं तिकीट आहे. डीबी म्हणजे जर्मन रेल्वे, तिच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये फक्त डी टिकेटवाल्या गाड्या दाखवायचा ऑप्शन आहे तो पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा, नाहीतर ते आयसीई दाखवत राहतं आणि घाईत माणूस चुकून चढतो.

आणि आता हे तिकीट मला एवढं जवळचं का वाटतं ते. माझी मावसबहीण फ्रँकफर्टला असते. ऑक्टोबरमध्ये दिवाळी मंगळवारी आली, त्या दिवशी लेक्चरं, मी खोलीत एक पणती लावली आणि घरी व्हिडिओ कॉल केला, बस. त्या शनिवारी सकाळी निघाले, आखनहून कोलोन, कोलोनहून आरई 5 ने कोब्लेंझ, कोब्लेंझहून आरई 2 ने फ्रँकफर्ट. आयसीईने याच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो, मला पाच तासांच्या वर लागले. पण खिशातून एक सेंट गेला नाही. आणि कोब्लेंझच्या पुढे गाडी ऱ्हाईन नदीला अगदी चिकटून जाते, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, ऑक्टोबर म्हणून पानं पिवळी, वर डोंगरावर किल्ले, पलीकडच्या काठावर लोरेलायचा तो मोठा कडा. डाव्या हाताला खिडकी पकडा, नदी त्याच बाजूला असते. मी फोन बाजूला ठेवून नुसती बघत बसले होते. ताईकडे पोचले तर तिने चकल्या केलेल्या, थोड्या मऊ पडलेल्या, आणि तिच्या सासूबाईंनी पाठवलेला चिवडा. येताना डबा भरून दिला तो पुढे दहा दिवस पुरवला. तेव्हापासून महिन्यातून एकदा जातेच. पहिल्या सेमेस्टरला सगळ्यांनाच एकटं वाटतं, सहा वाजायच्या आत अंधार होतो, ओळखीचं कोणी नसतं, अशा वेळी शनिवारी उठून कुठल्याही गाडीत बसून आपल्या माणसांकडे जाता येतं आणि पैशाचा विचार करावा लागत नाही, याची किंमत मला 208.80 पेक्षा फार जास्त वाटते.

शेवटचं एक काम राहिलं. 31 मार्चला तिकीट संपतं आणि समर सेमेस्टरचं 1 एप्रिलपासून, पण ते आपोआप होत नाही. रिरजिस्ट्रेशन म्हणजे ऱ्युकमेल्डुंग वेळेत करून पुढची सेमेस्टर फी भरलेली असली पाहिजे, आणि नवीन तिकीट पुन्हा फोनमध्ये उतरवून घ्यावं लागतं. 31 च्या रात्री चार्जरला फोन लावून हे करा, 1 ला सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून नाही. मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलंय. ड्युरेन किंवा आसपासच्या गावात खोली बघत असाल तर खाली विचारा, कुठलं स्टेशन सोयीचं पडेल ते मी सांगते, फक्त तुमची लेक्चरं मेन कॅम्पसला आहेत की मेलाटेन कॅम्पसला तेवढं लिहा, त्यावरून बस बदलते.