स्टीलपॅन, लो टेनर, २९ सुरांचा : नागपूरच्या मंडळांनी घ्यावा का?

घ्यावा. मात्र एकट्याच्या हौसेसाठी नको, मंडळासाठी घ्यावा. आणि ‘स्टील ड्रम’ म्हणून कोणीही काहीही दाखवलं तर तेही घेऊ नये.

हा दुसरा मुद्दा आधी. ऑनलाइन शोधलं की बहुतेक वेळा समोर येतो तो टंग ड्रम. बंद घुमट, त्यावर जिभेसारख्या कापलेल्या पट्ट्या, आठ-अकरा-पंधरा सूर आणि तेही बहुधा पंचस्वरी. भूप छान वाजतो, घरात एकट्याने वाजवायला गोड आहे, पण शुद्ध-कोमल बारा सूर नाहीत. त्यामुळे पथकाच्या कामाचा नाही. खरा स्टीलपॅन म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाचं वाद्य, आणि नागपुरात तो मागवूनच घ्यावा लागतो.

टेनर पॅन, म्हणजे धून वाजवायचा उंच सुरांचा पॅन, हे २१० लिटरच्या बॅरलचं बूड. ते ठोकून सुमारे २० सेंटिमीटर खोल वाटीसारखं केलेलं असतं, खाली बॅरलची थोडी भिंत राखलेली असते. खोलगट भागात प्रत्येक सुराचा एक अंडाकार फुगवटा. बाहेरच्या कड्यात १२ सूर, मधल्या कड्यात तेच १२ वरच्या सप्तकात, मध्यभागी ५. मांडणी पेटीसारखी ओळीने नाही. कुठलाही सूर सा धरा, त्याच्या एका शेजारी प, दुसऱ्या शेजारी म. शेजारचे सूर एकमेकांना पोषक असल्यामुळे एक वाजवला की दुसरा आपोआप थोडा घुमतो आणि पॅनचा तो भरलेला आवाज तयार होतो. षड्ज-पंचम भाव कानात बसलेल्या मुलांना ही मांडणी लवकर हाताला येते. मींड निघत नाही, आंदोलनही नाही. सूर लांबवायचा तर दोन्ही काठ्यांनी जलद रोल.

माल हातात आल्यावर आधी पॅन उलटा करून बघा. सुरांच्या सीमा पंचने ठोकलेल्या असतात, त्या खालूनही स्पष्ट उमटलेल्या दिसल्या पाहिजेत. नुसती रंगाची रेघ असेल तर परत पाठवा. मग स्टँडवर दोरीने मोकळा टांगा. मांडीवर किंवा टेबलावर ठेवून तपासणं व्यर्थ आहे, कारण कडेला टेकला की घुमणं मरतं. मोबाइलवरच्या ट्यूनरने एकेक सूर आधी हळू, मग मध्यम जोराने तपासा. जोर वाढवल्यावर सूर वाकत असेल तर तिथला पत्रा सैल पडलाय. आवाज झणझणत असेल तर पॅनला दोष देण्याआधी स्टँडचे स्क्रू आवळून बघा. चांगल्या पॅनच्या एकाच फुगवट्यात तीन गोष्टी लावलेल्या असतात : मूळ सूर, त्याचं वरचं सप्तक आणि त्याही वरचा पंचम. स्वस्त पॅनमध्ये फक्त मूळ सूर लावतात. तो भांड्यासारखा वाजतो.

हे वाद्य असं का घडलं, हे माहीत असलेलं बरं. १८८०च्या दशकात इंग्रज सरकारने त्रिनिदादमध्ये चामड्याच्या ढोलांवर बंदी आणली. लोक बांबू आपटून ताल धरू लागले. १९३०च्या दशकाच्या शेवटी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या लावेन्टिलसारख्या गरीब वस्त्यांतली पोरं बिस्किटांचे, रंगाचे डबे ठोकू लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाच्या बॅरलवर आली. एली मॅनेट, विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, अँथनी विल्यम्स ही त्या पिढीची नावं. बेकारी, वस्तीचा अभिमान आणि बँड हे सगळं एकत्र आलं, त्यामुळे बँडांच्या मारामाऱ्याही झाल्या. १९५०च्या कार्निव्हलमध्ये इन्व्हेडर्स आणि टोकियो या बँडांमध्ये मोठा राडा झाला. पॅन वाजवणारा म्हणजे गुंड, असं सभ्य घरांत मानलं जाई. १९५१ला त्याच पोरांचा निवडक बँड लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवून आला आणि लोकांची नजर बदलू लागली. १९९२मध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य जाहीर झालं, २०२४मध्ये तसा कायदा झाला आणि २०२५मध्ये राजमुद्रेवरची कोलंबसची जहाजं काढून तिथे पॅन बसवायचं संसदेत मंजूर झालं. या प्रवासात भारतीय वंशाच्या काही संघटनांनी हार्मोनियमलाही तोच मान मागितला होता. ज्या देशात भारतीय वंशाचे लोक एक तृतीयांशाहून थोडे जास्त आहेत, तिथे हा प्रश्न येणारच होता.

पण मान मिळाला म्हणून वस्तीचं पोट भरलं नाही. तिथे तेल-वायूतून पैसा भरपूर येतो, नोकऱ्या फार थोड्या. सरकारी रोजगार योजनेतून दहा-दहा दिवसांची कामं वाटली गेली आणि त्या कामांवर टोळ्यांनी कब्जा केला. २०२४मध्ये जेमतेम १४-१५ लाखांच्या देशात ६००हून जास्त खून झाले आणि ३० डिसेंबरला आणीबाणी लागली. पॅनच्या जोरावर ज्यांचं कायमचं घर चाललं, त्यांत मोठा वाटा पॅन घडवणाऱ्यांचा आणि सूर लावणाऱ्यांचा होता. म्हणून आमचं स्पष्ट मत : मंडळाने दहा पोरांना वाजवायला शिकवावं, आणि दोघांना तरी हातोडीचं काम शिकायला बसवावं. नागपुरात त्यासाठी लागणारा हात आहे. कूलरच्या बॉड्या बनवणारी पोरं पत्रा ओळखतात आणि त्यांचं काम पावसाळ्यात थंडावतं. आयटीआयचा शीट मेटल ट्रेड केलेलेही आहेत.

शिकायला जुनं बॅरल घ्यावं, नवा पॅन नाही. जाड पत्र्याचं, बंद तोंडाचं, खाद्यतेलाचं. थिनर, केमिकल किंवा कीटकनाशकाच्या बॅरलला हात लावू नका. आत राहिलेली वाफ कापताना किंवा तापवताना पेट घेते, स्फोट होतो. क्रम असा : आधी घणाने वाटी खोल करायची, मग सूर आखायचे, सीमा पंचने ठोकायच्या, भिंत कापायची, जाळावर निळसर रंग येईपर्यंत तापवायचं आणि मग लहान हातोडीने सूर लावायचे. घाईघाईत खोल केलेला पत्रा मध्यभागी फाटतो. तापवायचं टाळलं तर लावलेला सूर टिकत नाही. कान तयार व्हायला वर्षं लागतात, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगावं.

आता नागपूरची हवा. मे महिन्यात गच्चीवर उन्हात वाजवला की पत्रा तापून सूर उतरतात, आणि सगळे सारखे उतरत नाहीत. सावलीत गार झाला की बरेचसे परत येतात, तेव्हा तापलेला असताना कोणी ‘दुरुस्ती’ करायला जाऊ नये. कूलरचा झोत मात्र जास्त वाईट. त्या ओलाव्याने काठाच्या वळणात आणि टांगायच्या भोकांपाशी गंज धरतो, क्रोम असलं तरी. वाजवून झालं की कोरड्या सुती कपड्याने पुसा, पावसाळ्यात क्रोमवर गाडीच्या वॅक्सचा हलका हात फिरवा. भांडी घासायची पावडर, लिंबू, चिंच अजिबात नको. वाटीत सामान ठेवू नका. मिरवणुकीच्या टेम्पोत हमखास कोणीतरी पिशवी टाकतो आणि मधले बारीक सूर जातात.

सोबत आलेल्या काठ्या सुमार आहेत, गुण तिथे कापले. लाकूड ठीक, पण टोकाचं रबर आपल्या उन्हाळ्यात कडक होऊन तडकतं आणि उघडं लाकूड पत्र्याला डाग पाडतं. मेडिकलमध्ये मिळणारी लेटेक्सची नळी उभी कापून पट्टी ताणून गुंडाळली की काम होतं. ढोलाची सवय असलेला हात इथे आवरावा लागतो. मनगट सैल, काठी दोन बोटांत. जोर लावला की आवाज वाढत नाही, सूर बिघडतो.

एका टेनरने बँड होत नाही. सुरुवातीला दोन टेनर, एक डबल सेकंड म्हणजे दोन पॅनची जोडी, आणि पैसे जमले की बास : सहा पूर्ण बॅरल, प्रत्येकी तीन सूर. तालासाठी गाडीचा जुना ब्रेक ड्रम. त्रिनिदादमध्येही तोच वाजवतात, आणि तो भंगारात मिळतो.

वाद्याला पाचपैकी चार. सूर लावून देणारा माणूस जवळपास सहज मिळत नाही, हा मोठा अडसर आहे. म्हणून ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला विचारून घ्या : सूर बिघडल्यावर पॅन पाठवायचा कुठे, आणि जाण्या-येण्याचं भाडं कोण भरणार.