जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी, अटलांटा: लेकीची साडेचार वर्षं आणि आईचा रिव्ह्यू

लेक डिसेंबरमध्ये ग्रॅज्युएट झाली. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात, इंडियन ग्रोसरीच्या लाईनमध्ये, फोनवर, सगळीकडे एकच प्रश्न येतोय की जॉर्जिया स्टेट कशी आहे हो, आमच्याला टाकू का तिथे. प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी आमचं कुठे चुकलं ते. मी मूळची सांगलीची, आमच्याकडे ज्याचा कटऑफ जास्त ते कॉलेज भारी, बास. आत गेलेल्या पोरांचं पुढे काय झालं, किती जण पास होऊन बाहेर पडली, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. इथे येऊन पंचवीस वर्षं झाली तरी ती सवय सुटलेली नाही, अटलांटाच्या अल्फारेटा, जॉन्स क्रीक या उपनगरांत आपल्या लोकांशी बोला, जॉर्जिया टेक नाहीतर यूजीए (युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया), आणि जॉर्जिया स्टेट म्हटलं की "अच्छा, तिथे मिळतं सगळ्यांना" असं म्हणून विषय बदलतात. मोठ्या मुलाच्या वेळी आम्हीही असेच होतो. तो दुसऱ्या राज्यातल्या एका नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत गेला (नाव घेत नाही), अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. दुसऱ्या वर्षी त्याने जे कोर्स घेतले त्यातले दोन त्याच्या डिग्रीत धरलेच जात नव्हते, ते त्याला कोणी सांगितलं नाही, त्याने आम्हाला सांगितलं नाही, आणि त्याच्या पुढचे कोर्स वर्षातून एकदाच असल्यामुळे अख्खं वर्ष वाढलं, वर आउट-ऑफ-स्टेट फी. त्या वर्षी मी पहिल्यांदा ग्रॅज्युएशन रेट हा शब्द शोधून वाचला.

तर तो आकडा काय असतो ते सांगते कारण बऱ्याच जणांचा त्यात घोळ होतो. फॉलमध्ये पहिल्यांदाच कॉलेजला आलेली, फुल-टाइम शिकणारी मुलं घ्यायची आणि त्यातली किती जण सहा वर्षांच्या आत त्याच कॉलेजची डिग्री घेऊन बाहेर पडली ते मोजायचं. चार वर्षांच्या कोर्सला दीडपट वेळ धरतात. १९९० च्या कायद्यापासून इथल्या कॉलेजांना हा आकडा सांगावाच लागतो. जे मूल मधेच ट्रान्सफर घेऊन दुसरीकडे गेलं आणि तिथे छान डिग्री घेतली ते पहिल्या कॉलेजच्या खात्यात गळालेलंच धरतात, आणि पार्ट-टाइम मुलं तर त्यात येतच नाहीत. त्यामुळे आकडा बघा पण हे डोक्यात ठेवून बघा.

जॉर्जिया स्टेटचा हा रेट २००३ मध्ये होता ३२ टक्के. म्हणजे शंभर मुलं आत आली तर सहा वर्षांनी बत्तीस जणांच्याच हातात डिग्री. लॅटिनो मुलांमध्ये २२, आफ्रिकन-अमेरिकन मुलांमध्ये २९ आणि त्यातही नुसते मुलगे धरले तर १८. मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करणार होते खरं तर. पण पुढे वाचलं आणि मत बदललं, कारण पुढच्या पंधराएक वर्षांत तोच रेट ५४-५५ टक्क्यांपर्यंत गेला, आणि हे त्यांनी कटऑफ वाढवून, हुशार मुलं निवडून केलेलं नाही. उलट याच काळात पेल ग्रँट घेणारी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं वाढत वाढत निम्म्याच्या वर गेली. आणि ज्या गटांचा रेट सगळ्यात खाली होता तो बाकीच्यांच्या बरोबरीला आला, काही वर्षी तर वर गेला. हा भाग मला सगळ्यात मोठा वाटतो. निवडून निवडून नव्वद टक्केवाली पोरं घेतली की निकाल चांगला लागणारच, त्यात कॉलेजचं काय. आली त्या मुलांना घेऊन निकाल सुधारणं फार कमी जणांना जमलंय.

हे कसं केलं ते लेकीच्या निमित्ताने जवळून बघायला मिळालं. २०१२ पासून तिथे अ‍ॅडव्हायझिंगची, म्हणजे कोणते कोर्स घ्यायचे याचा सल्ला देण्याची, एक सिस्टीम आहे, आधीच्या दहा वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे लाखो ग्रेड तपासून त्यांनी ८०० च्या वर धोक्याच्या खुणा काढल्या आणि आताच्या प्रत्येक मुलाची नोंद रोज रात्री त्यावर तपासली जाते. त्यांचंच एक उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं, पॉलिटिकल सायन्सच्या पहिल्या कोर्समध्ये ए किंवा बी मिळालेल्यांपैकी साधारण पंचाहत्तर टक्के वेळेत डिग्री घेतात, आणि सी मिळालेल्यांपैकी फक्त पंचवीस. आपण काय म्हणतो, सी म्हणजे पास ना, मग सोड, पुढचं बघ. त्यांनी ते सोडलं नाही. सी दिसला की अ‍ॅडव्हायझर स्वतःहून मुलाला बोलावतो. त्यासाठी माणसं भरली, आधी एका अ‍ॅडव्हायझरकडे सातशेच्या आसपास मुलं असायची ती तीनशेवर आणली. या सगळ्यामागे टिम रेनिक म्हणून प्रोफेसर आहेत, मूळचे धर्म-अभ्यासाचे, कॉम्प्युटरचे नव्हेत.

आमची नर्सिंग करायचं म्हणून गेलेली. केमिस्ट्रीत तिला सी मिळाला आणि सेमिस्टर संपल्यावर आठवड्याच्या आत तिला मेल आला, येऊन भेट. तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला रागच आला, एका सी वरून काय एवढं. पण ती गेली. समोरच्या बाईंनी स्क्रीन फिरवून तिला दाखवलं की नर्सिंगच्या सीट किती मर्यादित आहेत, तिच्यासारखे ग्रेड असलेल्या किती जणांना पुढे सीट मिळाली, आणि तुला नर्सिंगच हवं असेल तर हे तीन कोर्स असे करावे लागतील, नाहीतर पब्लिक हेल्थ आहे, त्यात तुझे आत्तापर्यंतचे बहुतेक क्रेडिट धरले जातील. निर्णय तू घे म्हणाल्या. घरी येऊन पोरगी दोन दिवस रडली. मीही मनात म्हणत होते की मशीन सांगतं म्हणून माझ्या मुलीने स्वप्न सोडायचं का. ही भीती खरी आहे आणि मी ती लपवत नाही, आकड्यांवरून गरीब घरच्या मुलांना सोप्या कोर्सकडे ढकलणं कुठेही होऊ शकतं, म्हणून तुमच्या मुलाला असं सांगितलं गेलं तर सोबत बसून प्रत्येक गोष्ट विचारा. आमच्या बाबतीत त्या बाई तिला चार वेळा भेटल्या, प्रत्येक वेळी अर्धा अर्धा तास. तिने शेवटी पब्लिक हेल्थ घेतलं, ज्या कोर्समध्ये अडत होती तिथे आधीच्या वर्षी तोच कोर्स चांगला केलेली सीनियर मुलं शिकवायला असतात (युनिव्हर्सिटी त्यांना पगार देते) तिथे बसायला लागली, आणि एक सेमिस्टर जास्त लागलं पण सुटली. मोठ्याच्या वेळी अशी एक जरी बाई भेटली असती तर!

आता पैशांचं. हे लिहिताना मला माझा मामेभाऊ डोळ्यासमोर येतो. एकोणनव्वद साल, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, मामाचं द्राक्षाचं पीक गेलं, टर्म फी थकली, परीक्षेचा फॉर्म भरता आला नाही. रक्कम आठवत नाही पण घरातल्या चार जणांनी मिळून भरता आली असती एवढीच होती, त्याने लाजेने कोणाला सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाला आणि ते पुढचं वर्ष आलंच नाही.

जॉर्जिया स्टेटमध्ये हेच व्हायचं, दर सेमिस्टरला हजाराच्या वर मुलांची नावं फी पूर्ण न भरल्यामुळे कमी व्हायची आणि त्यात कितीतरी जण डिग्रीच्या अगदी दारात उभी असलेली, थोड्याच डॉलरसाठी अडलेली. २०११ पासून त्यांनी पँथर रिटेन्शन ग्रँट सुरू केली. मुलाने अर्ज करायचाच नाही. युनिव्हर्सिटीच यादी काढते की कोण अभ्यासात ठीक आहे, कोणाच्या बाकीच्या मदती संपल्यात आणि किती पैशांसाठी नाव कटणार आहे, आणि ती रक्कम थेट खात्यात भरते, सरासरी ९०० डॉलरच्या आसपास. अट एवढीच की पैशाचं नियोजन शिकवणाऱ्या कौन्सेलरला भेटायचं. ही ग्रँट मिळालेली शेवटच्या वर्षाची मुलं तर बहुतेक पुढच्या दोन सेमिस्टरमध्ये डिग्री घेऊन जातात. आणि मूल टिकलं की त्याची बाकीची फी येतेच, त्यामुळे युनिव्हर्सिटीचंही नुकसान नाही. अर्ज करायचा नाही हे मला फार शहाणपणाचं वाटतं, ज्याला खरंच गरज आहे तोच मागायला लाजतो.

होप स्कॉलरशिपचं लक्षात ठेवा. ही जॉर्जिया राज्याची स्कॉलरशिप, १९९३ पासून लॉटरीच्या पैशातून चालते, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.० राखावा लागतो आणि ३०, ६०, ९० क्रेडिटला तपासतात. २.९ झाला की गेली. आमची एकदा ३.०४ वर होती, त्या महिन्यात घरात कोणाला झोप नव्हती. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या पालकांनी आधीच नीट विचारून घ्या, होप सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, त्यामुळे मार्क असूनही आपल्या कितीतरी मुलांना ती मिळत नाही.

डायव्हर्सिटी. हा शब्द आता सगळ्याच कॉलेजांच्या ब्रोशरवर असतो, चार रंगांची चार मुलं गवतावर बसलेली. इथे गवतच नाही फारसं, डाउनटाउनच्या रस्त्यांवर बिल्डिंगा, गेट वगैरे काही नाही, मार्टाच्या (अटलांटाची मेट्रो) फाइव्ह पॉइंट्स स्टेशनला उतरून चालत सुटायचं. पण वर्गात साधारण चाळीस टक्के आफ्रिकन-अमेरिकन, बाकी गोरे, लॅटिनो, एशियन असे विखुरलेले, म्हणजे कुठलाच एक गट निम्म्याच्या वर नाही. लेकीची सगळ्यात जवळची मैत्रीण इथिओपियन, अटलांटाजवळच्या क्लार्कस्टनची, तिने सुरुवात पेरिमीटर कॉलेजच्या तिथल्या कॅम्पसवर केली आणि मग डाउनटाउनला आली. (पेरिमीटर हे दोन वर्षांच्या डिग्रीचं कॉलेज २०१६ मध्ये जॉर्जिया स्टेटमध्ये विलीन झालं, दोन्हीचे रेट वेगवेगळे लागतात, वाचताना मिसळू नका.) ती मुलगी दिवाळीला आमच्याकडे आली की चकलीचा डबा तिच्यासाठी वेगळा भरून ठेवते मी. मॉलमध्ये रात्रीची नोकरी करून पाच वर्षांत तिने डिग्री घेतली, घरातली पहिली.

आणि ही तीच युनिव्हर्सिटी, जिथे बार्बरा हंट, मायरा डिन्समोर आणि आयरिस वेल्च या तीन आफ्रिकन-अमेरिकन बायकांना अ‍ॅडमिशनसाठी फेडरल कोर्टात जावं लागलं. १९५९ मध्ये केस जिंकल्या, तरी तिघींना प्रवेश दिलाच नाही. पहिली आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थिनी अ‍ॅनेट लुसिल हॉल, १९६२ मध्ये. आज आफ्रिकन-अमेरिकन मुलांना सगळ्यात जास्त बॅचलर्स डिग्री देणाऱ्या देशातल्या कॉलेजांमध्ये हिचं नाव वरचं आहे. लेकीच्या कॉन्व्होकेशनला एकेक नाव पुकारलं की वरच्या गॅलरीतून पंधरा पंधरा नातेवाईक उठून ओरडत होते, आज्या, मावश्या, तान्ही बाळं, माझे डोळे तीन तास ओलेच होते.

आता जे नाही आवडलं ते. ५४-५५ म्हणजे अजूनही शंभरातली पंचेचाळीस मुलं तिथून सहा वर्षांत डिग्री घेत नाहीत, ट्रान्सफर वजा केले तरी हा आकडा लहान नाही. चार वर्षांतच संपवणारे तर त्याहून बरेच कमी, कारण बरीच मुलं नोकरी करत शिकतात, तेव्हा बजेट चार वर्षांचं न करता पाच वर्षांचं करा. पेरिमीटर धरून पन्नास हजारांच्या वर मुलं आहेत, बुजरं मूल हरवू शकतं. त्यावर उपाय म्हणून पहिल्या वर्षी पंचवीस पंचवीस जणांचे गट करून सगळे कोर्स एकत्र देतात, त्यात नक्की नाव घाला, लेकीचा आजचा ग्रुप तिथलाच आहे. आणि कॅम्पस लाईफ, मोठं हिरवं मैदान, तसलं कॉलेज हवं असेल तर हे ते नाही, बरीच मुलं क्लास झाला की ट्रेन पकडून घरी जातात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या पंचेचाळीस मुलांसाठी.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक सांगते कारण बहिणीच्या मुलासाठी मी हे नुकतंच केलं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगला जी कॉलेजं माहिती देतात त्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ असते, त्यात एक तक्ता असतो, पहिल्या वर्षाला किती मुलं घेतली, ठरलेल्या वेळेत किती पास होऊन बाहेर पडली. त्याच पीडीएफमध्ये मुली किती, आर्थिक मागास किती, सामाजिक मागास किती हेही असतं. कटऑफची यादी बघायच्या आधी हा तक्ता उघडा, दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा, आणि दोन-तीन वर्षांचं ओळीने काढा. आम्ही पाच कॉलेजांचं काढलं तर त्याच्या यादीतलं पहिलं कॉलेज चौथ्या नंबरवर गेलं. भाचा अजून विचार करतोय.