दुनळीवरचा एकच आकडा कसा झिजेल?

इंग्लंडात राहून जुनी दुनळी घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. गावाकडे ज्यांच्या घरी आजोबांची परवान्याची विलायती बंदूक आहे, त्यांनीही वाचावं.

मी घेतलेली बारा बोअरची दुनळी बर्मिंगहॅमची, दोन महायुद्धांच्या मधली. विकणारा म्हणाला, "चेंबर ७० मिलिमीटरचं आहे, आजची काडतुसं बिनधास्त वापरा." चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा. माझ्यासमोर ७० चं काडतूस घालून त्याने बंदूक मिटवूनही दाखवली. यावर कुणी भुलू नका. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उलगडल्यावरची असते. न उडालेलं काडतूस बरंच आखूड, ते ६५ च्या चेंबरमध्येही सहज बसतं. उडताना मात्र तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो.

नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर घट्ट ग्रीस थापलेलं होतं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ते पुसलं. तिथे प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्या जादा दाबाने तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचे, ठसे असतात. मुकुटाखालचं 'एनपी' (नायट्रो प्रूफ, म्हणजे धूरविरहित दारूसाठीची चाचणी) ठसठशीत, चौकटीतले '१२' आणि 'सी' (बारा बोअरची खूण) ठसठशीत. १९२५ नंतरच्या बंदुकीवर चेंबरची लांबीही ठोकलेली असते. तेवढी जागा गुळगुळीत. विकणाऱ्याला फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "जुनी आहे, झिजणारच." शेजारचे ठसे शाबूत ठेवून झीज एकच आकडा खात नाही. तो घासलेला होता. तिरप्या उजेडात भिंग धरलं तेव्हा पुसट दिसला: अडीच इंच, ज्याला व्यवहारात ६५ मिलिमीटरचं चेंबर म्हणतात. चेंबर मोजायचा गेज मात्र ७० पर्यंत आत गेला.

म्हणजे चेंबर नंतर कोरून वाढवलं आणि बंदूक पुन्हा प्रूफ हाऊसला पाठवलीच नाही. पाठवली असती तर नवे ठसे असते. दाब जिथे सर्वाधिक, तिथलंच पोलाद पातळ केलं. जाहिरातीतलं "नायट्रो प्रूफ" हे मूळ नळ्यांचं प्रूफ, कोरलेल्यांचं नाही. एखाद्याचा हात गेला असता, याचा मला आजही संताप येतो.

ब्रिटनमध्ये प्रूफबाहेर गेलेली, म्हणजे जिचं प्रूफ आता लागू नाही अशी बंदूक विकणं गुन्हा आहे. १८६८ पासूनचे कायदे आहेत. ते सांगितल्यावर बंदुकीचे पैसे परत आले, कारागिराची मजुरी नाही.

तीच दुनळी आता पुन्हा विक्रीला लागली आहे. फोटो फक्त नक्षीचे आणि कुंद्याचे. नळ्यांच्या सपाट बाजूचा, ग्रीस पुसलेला फोटो आधी मागा, आणि घेण्यापूर्वी चेंबर गेजने मोजून घ्या.