रिकव्हरी पेनड्राइव्ह: विंडोजचा, बॅकअप सॉफ्टवेअरचा की लिनक्सचा?

बॅकअप नेमाने घेणारे खूप भेटतात. 'मशीन उद्या चालूच झालं नाही तर हा बॅकअप परत चढवणार कसा?' असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. बॅकअपचं सॉफ्टवेअर त्याच बंद पडलेल्या डिस्कवर बसलेलं असतं. म्हणून बाहेरून बूट होणारा एक पेनड्राइव्ह हाताशी लागतो आणि तो बनवायचे साधारण तीन रस्ते आहेत.

तिन्हींना मी एकच फूटपट्टी लावतो: बूट झाल्यावर त्याला मशीनमधली डिस्क दिसते का, आणि बॅकअप ठेवलेली जागा दिसते का? दोन्ही दिसल्या तर बाकीचं निभावतं. एक जरी दिसली नाही, तर स्क्रीन कितीही देखणी असली तरी उपयोग शून्य.

विंडोजचा स्वतःचा रिकव्हरी ड्राइव्ह सगळ्यात सोपा. सर्चमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' टाइप करायचं, सिस्टिम फाइल्सवर टिक ठेवायची, किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा आणि चहा घ्यायला जायचं. पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, तेवढं बघा. पण नावावरून फसू नका. यात तुमचे फोटो नसतात, कागदपत्रं नसतात, नंतर टाकलेले प्रोग्रॅमही नसतात. बूट दुरुस्त करून बघणं, कमांड प्रॉम्प्ट उघडणं, विंडोज कोरं बसवणं, इतपतच त्याची झेप. दुसऱ्या सॉफ्टवेअरने घेतलेली इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, त्याला वाचता येत नाही. ज्यांच्या फाइल्स क्लाउडवर आहेत आणि प्रोग्रॅम चार-पाचच, त्यांना एवढं पुरतं. हा पेनड्राइव्ह वर्षातून एकदा नव्याने बनवावा, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

डिस्कची पूर्ण इमेज घेत असाल, तर दुसरा रस्ता: ज्या सॉफ्टवेअरने बॅकअप घेतला, त्याचाच रेस्क्यू मीडिया, म्हणजे त्याने बनवून दिलेला बूट होणारा पेनड्राइव्ह. मॅक्रियम, व्हीम, अॅक्रॉनिस अशा सगळ्यांत ही सोय आहे. आत बहुतेक वेळा विनपीई, म्हणजे विंडोजचं छाटलेलं रूप असतं, किंवा तुमच्याच मशीनवरची विनआरई, म्हणजे विंडोजसोबत आलेली दुरुस्तीची छोटी यंत्रणा. निवड दिली असेल तर विनआरई घ्या. तिच्यात वायफाय चालण्याची शक्यता जास्त असते, आणि बॅकअप नेटवर्कवर असेल तर तेच कामी येतं.

इथे मी एकदा चांगलाच आपटलो. लॅपटॉप बंद पडला, पेनड्राइव्ह लावला, बूटही झाला. डिस्कच्या यादीत दोनच नावं: तो पेनड्राइव्ह आणि बॅकअपची बाहेरची डिस्क. आतली डिस्क गायब! मेलीच, असं धरून मी नवी डिस्क घ्यायला निघालो होतो. पण डिस्क ठणठणीत होती, नव्हता तो ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर. पेनड्राइव्ह मी दुसऱ्या, जुन्या मशीनवर बनवला होता. या लॅपटॉपचा स्टोरेज कंट्रोलर व्हीएमडी मोडमध्ये (इंटेलची डिस्क हाताळायची एक पद्धत) होता आणि जुन्या मशीनला त्याच्या ड्रायव्हरची कधी गरजच पडली नव्हती. इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये असं असतं. शेवटी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, 'आयएनएफ' फाइल दिसेपर्यंत उलगडला, 'लोड ड्रायव्हर'मधून दिला आणि डिस्क यादीत आली. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्हीएमडी बंद करायचा मोह होतो, पण मग आतलं विंडोजच बूट व्हायला नकार देऊ शकतं. ज्या मशीनसाठी मीडिया हवा, त्याच मशीनवर तो बनवा.

विनपीईत ड्राइव्हची अक्षरंही बदलतात. ती स्वतः 'एक्स' होऊन बसते, आणि तुमचा 'सी' तिथे 'डी' म्हणून दिसू शकतो. रिस्टोअरचं बटण दाबण्याआधी अक्षर नाही, जीबीचा आकडा आणि डिस्कचं नाव वाचा.

तिसरा रस्ता लिनक्सचा: डिस्कची इमेज घेणारं क्लोनझिला, किंवा त्याच्याच इमेज उघडणारं पण माउसने चालणारं रेस्क्यूझिला. दोन्ही फुकट. लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) व्हीएमडीचा ड्रायव्हर असतोच, त्यामुळे वरची रडकथा इथे सहसा होत नाही. अडचणी वेगळ्या आहेत. क्लोनझिलाला नेहमीच्या सेटिंगमध्ये नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावलेलं पार्टिशन ते आहे तसं, रिकाम्या जागेसकट उचलतं, म्हणजे इमेज अवाढव्य. आणि इतर सॉफ्टवेअरचे बॅकअप ते उघडत नाही. इमेज घेण्याआधी शिफ्ट दाबून शटडाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअप या पटकन चालू व्हायच्या सोयीमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं.

अनेक आयएसओ (बूट होणाऱ्या डिस्कच्या फाइल्स) एकाच पेनड्राइव्हवर ठेवणारं व्हेंटॉय मला आवडतं. पण सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय, चालू असेल तर पहिल्या वेळी व्हेंटॉयची की (किल्ली) नोंदवायला एक निळी स्क्रीन येते. ऐन गडबडीत ती पहिल्यांदा बघायला लागू नये.

सिक्युअर बूटचा आणखी एक पेच आहे. ही सही तपासायला वापरतात त्या मायक्रोसॉफ्टच्या २०११च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपत जाते. निव्वळ मुदत संपली म्हणून जुना पेनड्राइव्ह अडत नाही. पण ब्लॅकलोटस बूटकिटनंतर (विंडोजच्या आधी चालू होणारा घातक प्रोग्रॅम), २०२३पासून, जुन्या सहीचे बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज चालू करून देणारे प्रोग्रॅम, रद्द करायची सोय आली. ते रद्दीकरण ज्या मशीनवर लागू झालंय, तिथे जुना विंडोज मीडिया बूटच होत नाही. उलट, फक्त २०२३च्या सहीचा मीडिया ते प्रमाणपत्र नसलेल्या मशीनवर अडतो. मग लोक सिक्युअर बूट बंद करतात आणि बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की कागदावर, लॅपटॉपपासून दूर ठेवलेली असावी.

मला एकच निवडायला सांगितलं तर मी त्याच मशीनवर बनवलेला, विनआरईवाला सॉफ्टवेअरचा मीडिया घेईन. रेस्क्यूझिलाचा दुसरा पेनड्राइव्ह जोडीला असतोच, निदान डिस्क जिवंत आहे की नाही एवढं तरी तो सांगतो. घरात चार वेगवेगळी मशीनं असतील तर मी क्रम उलटा करेन.

बनवल्यावर त्याच दिवशी त्यावरून बूट करून बघा. दोन्ही डिस्क दिसतात का, बॅकअप उघडून आतलं एखादं फोल्डर चाळता येतं का, एवढं पाहून बाहेर पडा. रिस्टोअरला हात लावू नका. बूट मेनूची कळ कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. माझ्या पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावलेली आहे, तिच्यावर मशीनचं नाव, बनवल्याची तारीख आणि ती कळ.