पहिली फौज कोणती घ्यावी: वॉरहॅमर ४०,०००, किल टीम की बोल्ट अ‍ॅक्शन?

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळासाठी मिनिएचरची, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्तींची, पहिली फौज उभी करायची ठरल्यावर बहुतेक जण चित्रे पाहून निवड करतात. जी फौज अधिक रुबाबदार दिसते तिचा मोठा डबा मागवला जातो आणि त्यातले निम्मे सैनिक पुढे कित्येक महिने स्प्रूवरच, म्हणजे साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या चौकटीतच अडकून राहतात. आवडीचे महत्त्व मी कमी लेखत नाही, कारण न आवडणारी फौज कोणीही रंगवून पूर्ण करत नाही. परंतु पैसे मोजण्याआधी आपल्या हातून किती सैनिक खरोखर जोडून आणि रंगवून होतील, खेळायला घरात जागा किती आहे आणि समोर बसणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःशी प्रामाणिकपणे द्यायला हवीत.

यांतला तिसरा प्रश्न आपल्याकडे सर्वांत जड ठरतो. हे तिन्ही खेळ ज्या नॉटिंगहॅम शहरातून जगभर जातात, तिथे आपली एकच फौज घेऊन दुकानात गेले तरी समोर दुसरी फौज मिळू शकते. नाशिक किंवा कोल्हापुरात हा छंद सुरू करणाऱ्याला मात्र प्रतिस्पर्धी बहुधा स्वतःच तयार करावा लागतो; एखाद्या भावंडाला किंवा मित्राला टेबलाशी बसवायचे, तर त्याची फौजही आपल्यालाच द्यावी लागते. म्हणून एका माणसाला दोन्ही बाजू उभ्या करणे कितपत झेपेल, या निकषाला मी पुढील तुलनेत सर्वाधिक वजन दिले आहे.

वॉरहॅमर ४०,००० हा गेम्स वर्कशॉप या कंपनीचा खेळ १९८७ साली सुरू झाला आणि आज या छंदातले सर्वांत परिचित नाव तेच आहे. त्याची बलस्थाने खरी आहेत. प्लास्टिकचे साचे इतके नेमके असतात की जोडकामात फट क्वचितच राहते, प्रत्येक फौजेमागे मोठी कथा असते आणि रंगकाम शिकवणारे साहित्य हवे तेवढे उपलब्ध असते. सुरुवातीला ‘कॉम्बॅट पेट्रोल’ नावाचा डबा घ्यावा, असा सल्ला सहसा मिळतो आणि तो योग्यही आहे. मात्र नियमांत प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते, पूर्ण खेळ अशा २,००० गुणांच्या फौजेचा मानला जातो आणि हा डबा त्याच्या बराच अलीकडे थांबतो, हे आधीच लक्षात घ्यावे. फौजेगणिक सैनिकांची संख्याही फार बदलते. अ‍ॅडेप्टस कस्टोडीससारखी फौज ३० च्या आसपास मिनिएचरमध्ये पूर्ण होऊ शकते, तर ऑर्क किंवा टिरॅनिड यांच्या पायदळावर भर देणारी फौज शंभरी सहज ओलांडते. नवख्याने या खेळात शिरायचेच असेल, तर कमी सैनिकांची फौज निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळाच्या नियमांची आवृत्ती २०१७, २०२० आणि २०२३ अशी दर तीन वर्षांनी बदलत आली आहे. मिनिएचर निकामी होत नाहीत, पण पुस्तके जुनी होतात आणि एखाद्या तुकडीचे गुण असे बदलतात की काल जमवलेली यादी आज जमत नाही. शिवाय स्पर्धांमध्ये सामना जिंकण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या १०० पैकी १० गुण फौज ठरावीक दर्जापर्यंत रंगवलेली असल्याबद्दल मिळतात. म्हणजे रंगकाम हा येथे खेळाचाच भाग धरलेला आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, आधीच खेळणाऱ्या गटाशी ओळख असलेल्या आणि वर्षभर एकाच फौजेवर काम करण्याची चिकाटी असलेल्या व्यक्तीने हा मार्ग निःशंक घ्यावा. एकट्याने २,००० गुणांच्या दोन फौजा उभ्या करणे मात्र खर्च आणि वेळ या दोन्ही दृष्टींनी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

किल टीम हा त्याच विश्वातला छोटा खेळ आहे. एका बाजूला साधारण ६ ते १४ सैनिक असतात आणि पट सुमारे २२ × ३० इंचांचा असल्यामुळे जेवणाचे टेबलही पुरते. दोन्ही बाजूंच्या तुकड्या एकाच डब्यात देणारा प्रारंभिक संच मिळतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न पहिल्याच खरेदीत सुटतो. त्यातले बहुतेक सैनिक पुढे मोठ्या खेळातही वापरता येतात. एका तुकडीचे दहा सैनिक रंगवण्यात जो हात बसतो, त्यावरून आपल्याला १०० सैनिकांची फौज झेपेल की नाही याचा अंदाज येतो. उणीव एवढीच, की नियम दाट आहेत. प्रत्येक सैनिकाची क्षमता वेगळी असते आणि पहिले काही खेळ पुस्तक चाळण्यातच जातात. लहान खेळ म्हणजे सोपा खेळ, अशी समजूत करून घेऊ नये.

तिसरा पर्याय ऐतिहासिक युद्धखेळाचा आहे आणि मराठी वाचकाने तो अधिक गांभीर्याने पाहावा असे मला मनापासून वाटते. बोल्ट अ‍ॅक्शन हा वॉरलॉर्ड गेम्सचा खेळ २०१२ मध्ये आला आणि २०२४ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. दुसऱ्या महायुद्धातील एका प्लॅटूनच्या आकाराची, साधारण ३० ते ४० सैनिकांची फौज, सोबत एखादी तोफ किंवा रणगाडा, असे त्याचे स्वरूप आहे. दोन्ही बाजूंचे आदेशाचे फासे एकाच पिशवीत टाकतात आणि ज्याचा फासा निघेल तो आपल्या एका तुकडीला हलवतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची पूर्ण पाळी संपेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागत नाही. वॉरहॅमर ४०,००० मध्ये ते बसणे नवख्याला खरोखर कंटाळवाणे होते.

या खेळात आपला इतिहास ओढूनताणून आणावा लागत नाही. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीच्या आघाडीवर लढल्या. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर दोन जखमी सहकाऱ्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले, नंतर शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली आणि तोच सन्मान मिळवला. नदीचा बांध, मशीनगनचे ठाणे आणि त्यावर जाणारी एक तुकडी, एवढ्या आवाक्याच्या या चकमकी आहेत आणि बोल्ट अ‍ॅक्शनचे नियम नेमके याच आवाक्यासाठी लिहिलेले आहेत.

अशी फौज बनवणे अवघडही नाही. मराठा पलटणी लढाईत पोलादी शिरस्त्राण वापरत, त्यामुळे पागोट्याची वेगळी डोकी शोधावी लागत नाहीत; खाकी कपड्यांतील ब्रिटिश आठव्या सेनेचे प्लास्टिकचे सैनिक उन्हाळी मोहिमेसाठी चालतात आणि फरक मुख्यतः त्वचेच्या रंगात आणि खांद्यावरच्या चिन्हांत करावा लागतो. पेरी मिनिएचर्स या कंपनीच्या २८ मिलिमीटरच्या एका डब्यात ४० च्या आसपास सैनिक मिळतात आणि तो कॉम्बॅट पेट्रोलच्या डब्यापेक्षा खूपच स्वस्त, अनेकदा पाव किमतीच्या आसपास असतो. त्यामुळे मराठा पलटण आणि तिच्यासमोरचे जर्मन पायदळ हे दोन्ही एकाच व्यक्तीला परवडते. एका कंपनीचे सैनिक दुसऱ्या कंपनीच्या नियमांनी खेळवले तरी हरकत नसते, हे ऐतिहासिक खेळाचे मोठे सुख आहे. बाजू उणी पडते ती जागेत. ठरलेले टेबल ६ × ४ फुटांचे असते. आपल्याकडे प्लायवूड ८ × ४ फुटांचे मिळते. त्यातून हा तुकडा कापून पलंगावर किंवा जेवणाच्या टेबलावर टाकता येतो, पण खेळ संपल्यावर तो उभा करून ठेवायला भिंत लागतेच.

थ्रीडी प्रिंटिंगचा पर्याय हल्ली पुष्कळ जण सुचवतात. रेझिन, म्हणजे द्रवरूप प्लास्टिक, वापरणाऱ्या प्रिंटरमधून उत्तम मिनिएचर निघतात हे खरे आहे, पण न सुकलेले रेझिन त्वचेला आणि श्वासाला अपायकारक असते, हातमोजे आणि खेळती हवा अनिवार्य असते आणि प्रिंटर सांभाळणे हा स्वतंत्र छंद होऊन बसतो. वन-बीएचके घरात लहान मुले असतील, तर मी तो सुचवणार नाही.

रंगकामाच्या बाबतीत तिन्ही मार्ग सारखेच आहेत. फरक आपल्या हवामानाचा पडतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर या काळात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारल्यास दमट हवेमुळे पृष्ठभाग पांढुरका आणि खरखरीत होतो. त्या महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमरच वापरावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट अडचण येते: अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो. तिथे ओल्या स्पंजवर बटर पेपर अंथरून केलेली वेट पॅलेट फार उपयोगी पडते. प्लास्टिकसाठी प्लास्टिक सिमेंटच घ्यावे, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. फेविक्विक धातू आणि रेझिनसाठी ठेवावे. सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर, म्हणजे बेसवर, फेविकॉल लावून चाळलेली वाळू टाकली, तर महागडी पेस्ट लागत नाही.

आजवर एकही मिनिएचर रंगवलेली नसेल, तर पहिला खर्च किल टीमच्या दोन तुकड्यांच्या संचावर करावा. ज्याला इतिहासाची ओढ आहे आणि जागेची सोय आहे, त्याने थेट पेरीचा ब्रिटिश पायदळाचा एक आणि जर्मन पायदळाचा एक असे दोन डबे घ्यावेत, प्रत्येकी दहा सैनिक जोडून रंगवावेत आणि तेवढ्यावरच पहिली चकमक खेळावी. उरलेले सैनिक रंगवून होईपर्यंत रणगाडा मागवू नये.