शेतावर राबायचं की वाटेवर चालायचं?

इंग्लंडमधली खेडी कमी पैशात बघायचे दोन मार्ग मी करून पाहिलेत.

पहिला ‘वूफ’चा. 1971 मध्ये इंग्लंडमध्येच सुरू झालेली पद्धत: सेंद्रिय शेतावर रोज चार-सहा तास काम, बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. खर्च जवळपास प्रवासाचाच. पण गाजराच्या वाफ्यातलं तण उपटताना तिसऱ्याच दिवशी कंबर धरली. संध्याकाळी मालकिणीसोबत कांदे सोलताना जे गाव कळलं, ते मात्र हॉटेलात राहून कळलं नसतं. मेख व्हिसाची आहे. पर्यटक व्हिसावर असं राहण्याच्या बदल्यात काम चालत नाही, तेव्हा कामाची मुभा असेल तरच या वाटेला जा.

दुसरा, चालण्याचा. कॉट्सवोल्ड वे ही पायवाट चिपिंग कॅम्पडनहून बाथपर्यंत जाते, 102 मैल, म्हणजे साधारण 164 किलोमीटर. सगळी चालायला आठवडा तरी हवा. मी शनिवार-रविवारी तुकडे पाडते. वाट चक्क कुणाच्या तरी शेतातून, मेंढ्यांच्या कळपातून जाते. खांबावर ओकच्या फळाची खूण दिसली की समजायचं, चुकलो नाही. आपल्याकडे बांधावरून भावकीत कोर्टकचेऱ्या, आणि इथे परक्याच्या शेतातल्या अशा पायवाटेवरून चालायचा कायदेशीर हक्क! फक्त फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं. चालायला दमडी लागत नाही, मुक्कामाला मात्र खिसा चांगलाच हलका होतो.

महिनाभर मोकळा वेळ असेल तर शेत बरं. माझं मन वाटेवरच रमतं: चिखलाचे बूट, रेनकोट आणि पिशवीत चार दशम्या.